धायरीतून देवयानी

गच्चीची चावी झुंबरकडे असते
आणि वहीत कारण लिहावं लागतं.
नवरात्रापासून मी लिहितेय: टाकी बघायला.
रोज रात्री टाकीत एवढं काय बघायचं असतं
हे त्याने कधी विचारलं नाही.

दुर्बीण जुन्या बाजारातली, बुधवारची.
साडेसातशे सांगितले, चारशेला दिली.
उजव्या नळीत बुरशी आहे
हे कळायला मला आठ दिवस लागले.
आठ दिवस त्या बुरशीलाच मी
देवयानी समजत होते.
जिकडे वळवावी तिकडे ती होतीच,
सिंहगडाच्या टॉवरवर,
वडगावच्या पुलावर,
समोरच्या विंगमधल्या कुणाच्या तरी फ्रीजवर.
फ्रीजवर दिसली तेव्हा शंका आली.

नकाशा म्हणतो, शर्मिष्ठेपासून सुरुवात करा.
पण माझ्या उत्तरेला अख्खं पुणं आहे,
हळद घातलेलं दूध उतू जावं तसं
आभाळभर वर चढलेलं.
शर्मिष्ठेचे तारे पाच, हजर दोन.
ध्रुव असायला हवा तिथे
बांधकामावरच्या क्रेनचा लाल दिवा,
तोही अढळ.

मग दुसरा रस्ता धरला, माथ्यावरचा.
भाद्रपदांचा मोठा चौकोन,
कुंपण घालून विसरलेल्या प्लॉटसारखा,
कोपऱ्याला चार खांब, आत काही नाही.
ईशान्येच्या खांबापासून निघायचं,
दोन तारे सरळ,
दुसऱ्यापाशी उजवीकडे वळायचं,
मग दोन फिके तारे, आणि त्यांच्या जरा पुढे
विचारायचं कुणाला तरी.
मी दर वेळी वळणावर चुकायचे.

एका रात्री झुंबर जिन्यातूनच म्हणाला,
"ताई, उगा लवकर येता तुम्ही.
जिम अकराला बंद होती,
लॉन्सवरचा झोत साडेअकराला,
सराफाचा बोर्ड पावणेबाराला.
बी विंगचं ते कॅरमवालं पोरगं
साडेबाराबिगर ट्यूब घालवीत नाही.
क्रेनचं काय सांगता येत नाही."
पाच वर्षं तो हे दिवे राखतोय.
वर काय आहे त्याला ठाऊक नव्हतं,
पण माझ्या नकाशात नसलेलं वेळापत्रक
त्याला तोंडपाठ होतं.

वसुबारसेची आदली रात्र.
उद्यापासून प्रत्येक बाल्कनीत आकाशकंदील.
दोरीवर जाड चादर टाकली, रस्त्यावरच्या दिव्याच्या आड,
झुंबरने तिला चार चिमटे लावले.
सतरंजीवर उताणी पडले.
मोबाइल खालीच ठेवला होता.
वीस मिनिटं डोळ्यांना नुसतं बसवून ठेवलं.

पहिला तारा. दुसरा. वळण.
फिका. त्याहून फिका.
तिथे रोखून पाहिलं तर काही नाही.
मग नजर जरा बाजूला ठेवली,
टायरच्या दुकानात उधारीवालं गिऱ्हाईक आलं की
गल्ल्यावरून ठेवते तशी,
आणि कडेला काहीतरी आलं.
काचेवर कुणी हळूच श्वास सोडावा, तेवढंच.
दुर्बीण हलवली. बुरशी हलली.
ते हललं नाही.

झुंबरला दुर्बीण दिली.
त्याला आधी स्वतःची पापणी दिसली,
मग चादर, मग बराच वेळ काहीच नाही.
मग तो बोलायचा थांबला.
मी सांगितलं, हा उजेड तिथून निघाला
त्याला पंचवीस लाख वर्षं झाली.
दुर्बीण डोळ्यालाच ठेवून त्याने विचारलं,
"आणि बंद कधी होतो?"
मला ते माहीत नव्हतं.

खाली येऊन वहीत वेळ लिहिली, एक वाजून दहा.
कारणाच्या रकान्यातली टाकी खोडली,
देवयानी लिहिलं.

सकाळी सेक्रेटरी खिऱ्यांचा फोन:
"या देवयानी कुठल्या फ्लॅटमध्ये?
भाडेकरू असतील तर
पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का त्यांचं?"